पहाटेचा हृदयशूल



हृदयशूल म्हटला की जिना चढताना छाती आवळून थांबलेला गृहस्थ आपल्या डोळ्यांपुढे येतो. आज मी ज्या प्रकाराविषयी बोलणार आहे, तो याच्या उलट. हा माणूस दिवसा टेकडी चढून येतो, त्याला काही होत नाही. आणि पहाटे तीन-चारच्या सुमारास छातीवर धोंडा ठेवल्यासारखी कळ येऊन तो जागा होतो. काही मिनिटांत सारे शांत. सकाळी हृदयाचा विद्युत्-आलेख काढावा तर तो बहुधा निर्दोष. मग 'पित्त झाले असेल' असे घरची मंडळी म्हणतात, आणि पुष्कळदा डॉक्टरही.

१९५९ साली अमेरिकेत मायरन प्रिन्झमेटल व त्यांच्या सहकाऱ्यांनी या दुखण्याचे वेगळेपण दाखवले. हृदयाला रक्त पुरवणारी रोहिणी स्वतःच आवळत असावी, असा त्यांचा तर्क होता. पुढे १९७०नंतर इटलीत अत्तिलिओ मासेरी आदींनी ऐन झटक्यात रोहिण्यांची क्ष-किरण चित्रे घेतली आणि तो खरा ठरला. पोटरीत गोळा येतो ना, तसेच हे. रोहिणीच्या भिंतीतला स्नायू एकाएकी आवळतो, रक्ताची वाट बंद होते. सैल पडला की ती पुन्हा मोकळी. म्हणून मागाहून केलेल्या तपासणीत मोठा अडथळा सापडला नाही, तरी रुग्ण सुटला असे होत नाही. तेवढ्या मिनिटांत हृदयाची लय बिघडून प्राणही जाऊ शकतो.

स्नायू आवळायला त्याच्या पेशींत कॅल्शियम शिरावे लागते. ती वाट अडवणारी डिल्टिआझेम, व्हेरापामिल, निफेडिपिन, अ‍ॅम्लोडिपिन ही औषधे या उपचाराचा कणा होत. (यासाठी कोणी दूध सोडू नये, त्याचा येथे संबंध नाही!) जपानात हा विकार पाश्चात्त्य देशांपेक्षा अधिक. तेथे यासुए प्रभृतींनी १९८८ साली २४५ रुग्णांचा अनेक वर्षांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला, आणि या औषधांनी नुसती कळच थांबते असे नव्हे, तर पुढचा धोकाही कमी होतो असे त्यातून दिसले.

जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरिनची गोळी झटका मोडते. दीर्घकाळ टिकणारी नायट्रेटे मात्र अखंड घेतली तर बोथट होतात. रोज काही तास खंड ठेवावा लागतो. नेहमीच्या हृदयशुलात हा खंड रात्री ठेवण्याची चाल आहे. येथे शत्रू पहाटे येतो, तेव्हा पहारा रात्रीच हवा आणि विश्रांती दिवसा! प्रोप्रानोलोलसारखे औषध नेहमीच्या हृदयशुलात उपकारक, पण येथे ते झटके वाढवू शकते. शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून गोळ्या आणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. आणि विडी-सिगारेट चालू ठेवून गोळ्यांवर विसंबणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणे होय.

आता खरा प्रश्न. सहा महिने कळ आली नाही. घोट्याला सूज येते, बद्धकोष्ठ होते, पैसेही पडतात. मग गोळी का घ्यायची? मला हा प्रश्न मूर्खपणाचा वाटत नाही. सुजेला वा बद्धकोष्ठाला कंटाळलेल्याला औषध बदलून देता येते, आणि ते वैद्याने दिले पाहिजे. पण कळ थांबली आहे ती बहुधा गोळीमुळेच. ती एकाएकी बंद केली तर दबलेला स्नायू उसळून आवळतो, आणि असा झटका पूर्वीपेक्षा जबर असू शकतो. काही रुग्णांत, विशेषतः तंबाखू सुटल्यावर, विकार वर्षानुवर्षे निजून राहतो हेही खरे. अशा वेळी मात्रा उतरवून पाहता येते. परंतु हळूहळू, एका वेळी एकच औषध, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आणि जिभेखालची गोळी उशाशी ठेवून. त्या काळात पहाटेची एक जरी कळ आली, तरी उतरवलेली मात्रा पुन्हा चढवावी लागते.