मापातला वज्रलेप
(श्री महादेव मंदिराच्या कलशारोहण समारंभात केलेले भाषण)



मी काही वक्ता नाही. एरंडोलच्या तहसील कचेरीत कारकुनी करणारा, एस.एस.सी. झालेला साधा माणूस आहे. शिखराविषयी आणि कलशाविषयी बोलणारे जाणकार येथे बसले आहेत. मला नंदीच्या डाव्या कानाविषयी दोन शब्द बोलायचे आहेत, व त्यात एक कबुलीही द्यायची आहे.

फरशीच्या कामासाठी नंदी हलविताना त्याच्या कानाचा टवका निघाला, हे आपणांस ठाऊक आहेच. काहींचे म्हणणे पडले की नंदी नवा आणावा. पण ज्या कानात आपल्या तीन पिढ्यांनी मनातले सांगितले, तो नंदी बाजूला सारण्यास कोणाचे मन होईना. तेव्हा इपॉक्सीने कान जोडण्याचे काम मी हौसेने अंगावर घेतले.

इपॉक्सीचे दोन भाग असतात, एक राळ व दुसरा तिला घट्ट करणारा द्रव. 'दोन्ही समसमान घ्यायचे' एवढे मी ऐकून होतो. सोनाराकडचा काटा आणला, दोन्ही भाग दहा-दहा ग्रॅम तोलले, कालवले व कान बसविला. काटा सोन्याचा होता, पण हिशेब चुकीचा होता! महाशिवरात्रीस एका आजीने गाऱ्हाणे सांगण्यासाठी कानाला हात लावला आणि कान तिच्या हातात आला. ती थरथरत मला म्हणाली, "बापू, मन्हा हातघाई पाप घडनं का रे?" त्या रात्री मला झोप लागली नाही. आज सर्वांसमक्ष सांगतो, दोष त्या माउलीचा नव्हता, माझ्या मापाचा होता.

चूक कशी झाली ते ऐका. बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या अ‍ॅरल्डाइटचे प्रमाण आकारमानाने समसमान आहे, वजनाने मात्र १०० भाग राळेस ८० भाग घट्टक. कारण घट्टक हलका असतो. मी वजनाने समसमान घेतल्यामुळे घट्टक पाव हिश्श्याने जास्त पडला. जास्त घातला तर लवकर व अधिक घट्ट होईल, असे पुष्कळांना वाटते. पण तसे होत नाही. राळ व घट्टक यांची जोडी ठरलेली असते. ज्याला जोडीदार मिळत नाही तो भाग तसाच राहतो व जोड मऊ पडतो. त्यात आपल्या खानदेशचे ऊन!

शिवाय काम जितके लहान, तितकी चूक मोठी. ५० ग्रॅम राळेत ४० ऐवजी ३९ ग्रॅम घट्टक पडला तर अडीच टक्क्यांचा फरक. पण ५ ग्रॅम राळेत ४ ऐवजी ३ पडला, तर चौथा हिस्सा गेला. सातबाऱ्यावर दहा एकरांत एक गुंठा कमी लागला तर माणूस एक वेळ सोडून देईल, पण घराच्या जागेत गुंठा गेला तर भाऊ भावाशी बोलणार नाही. तसेच हे आहे.

दुसऱ्या खेपेस मी डब्यावरील सूचना अक्षर न् अक्षर वाचली. जुना चिकटा पाथरवटाने खरवडून काढला, दोन्ही अंगांस भोके पाडून न गंजणारी सळई बसविली, आणि दगड धुऊन पूर्ण वाळू दिला. काट्यावर रिकामी वाटी ठेवून आकडा शून्यावर आणला. आधी १० ग्रॅम राळ, मग ८ ग्रॅम घट्टक. दोन्हींना काड्या वेगळ्या, झाकणेही अदलाबदल होऊ दिली नाहीत. बाजू व तळ खरवडत चार मिनिटे सावकाश ढवळले. मग दुसऱ्या वाटीत ओतून पुन्हा ढवळले, कारण पहिल्या वाटीच्या कडेला न मिसळलेला भाग राहतो. रंग जुळावा म्हणून काळ्या दगडाची वस्त्रगाळ भुकटी घातली, ती मात्र दोन्ही भाग एकजीव झाल्यावरच. खोल वाटीत मिश्रण तापते व लवकर आवळते, म्हणून ते फरशीच्या तुकड्यावर पसरून घेतले. काम पहाटे केले. हातात मोजे होते. थोडे मिश्रण चिठ्ठीसह बाजूला ठेवले. दुसऱ्या दिवशी त्यावर नख उमटले नाही, तेव्हा जीव भांड्यात पडला.

हे ज्ञान नवे आहे असे नाही. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत वज्रलेप सांगितला आहे. कच्ची टेंभुर्णीची फळे, कच्ची कवठे, सावरीची फुले, वेखंड इत्यादी द्रोणभर पाण्यात उकळून आठवा हिस्सा उरवावा, मग त्यात गुग्गुळ, बिब्बा, राळ वगैरे घालावे. तेथेही माप आहेच! जून २०२० मध्ये पंढरपुरास श्रीविठ्ठल-रुक्मिणीच्या मूर्तींवर लेप झाला, तो पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांच्या हातून. म्हणून एक विनंती करतो. गाभाऱ्यातील मूर्तीस वा प्राचीन शिल्पास आपण हौशी लोकांनी हात लावू नये. त्यासाठी जाणकारच बोलवावेत.

देणगीदारांनी रुपया-रुपया मोजून दिला. तो खर्च करणाऱ्यांनी ग्रॅम-ग्रॅम मोजला पाहिजे, एवढेच मी यातून शिकलो.

मघाशी ती आजी आली होती. मी तिचा हात धरून नंदीच्या कानावर ठेवला. ती बराच वेळ काहीतरी सांगत होती. काय सांगितले ते नंदीला ठाऊक. कान मात्र जागचा हलला नाही.

 हर हर महादेव!