आवाहन झालं, तोफा थांबल्या नाहीत

'शस्त्रसंधीचं आवाहन' हे शब्द बातम्यांत सारखे कानावर पडतात. आवाहन झालं म्हणजे लढाई थांबली, असं मात्र नसतं.

इराण-इराकचं बघा. 22 सप्टेंबर 1980 ला इराकी फौजा इराणमध्ये घुसल्या. सहा दिवसांत संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं दोघांनाही थांबायला सांगितलं. पण इराकनं माघारी जावं, हे त्या ठरावात नव्हतंच! घरात शिरलेल्याला बाहेर काढायचं नाही आणि घरवाल्याला म्हणायचं, गप्प बस. आमच्या बचत गटातसुद्धा असली तडजोड कोणी ऐकून घेणार नाही. इराणनंही ऐकली नाही. पुढे 1982 मध्ये त्यानं आपला बराचसा मुलूख सोडवला, तरी तो थांबला नाही, उलट इराकमध्ये शिरला.

जुलै 1987 च्या 598 क्रमांकाच्या ठरावात माघार, कैद्यांची सुटका, युद्धाला जबाबदार कोण याची चौकशी, सगळं आलं. इराणचा होकार यायला आणखी वर्ष गेलं. 20 ऑगस्ट 1988 ला तोफा थांबल्या. कैदी मोठ्या संख्येनं सुटायला मात्र 1990 चा ऑगस्ट उजाडला. तोवर दोन्हीकडच्या हजारो घरांतल्या बायका दाराकडे डोळे लावून होत्या. काहींचा माणूस त्यानंतरही कित्येक वर्षं आला नाही.