पाहुण्यांच्या खोल्या आणि गावातली बिऱ्हाडे

(जवळा बाजार येथे शेतकऱ्यांपुढे केलेले भाषण)



जोडधंदा म्हटला की आपण शेळ्या, रेशीम, कोंबड्या यांविषयी बोलतो. आज खोल्यांविषयी बोलू. आपल्या तालुक्याच्या गावी, औंढा नागनाथला, महाशिवरात्रीस आणि श्रावणात भाविकांची रीघ लागते. त्यांना मुक्कामाला जागा हवी असते. शिवाय राज्याने 2020 साली कृषी पर्यटन धोरण आणले. त्यानुसार शेतावर पाहुणे ठेवण्याच्या केंद्राची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे करता येते. ज्यांना जमेल त्यांनी हा धंदा जरूर करावा. अडचण येते ती गावठाणातल्या घरांची.

गावात बिऱ्हाड करून कोण राहते? शाळेतले गुरुजी, दवाखान्यातल्या नर्सबाई, मोंढ्यातले हमाल, शिकणारी मुले. समजा, खोलीचे भाडे महिन्याला 2,000 रुपये आहे आणि भाविक एका रात्रीचे 500 देतो. चार रात्रींत महिना वसूल! मग घरमालक म्हणणार, बारमाही भाडेकरू हवा कशाला? त्याच्यापुरता हा हिशेब बरोबरच आहे. पण अशा दहा खोल्या गेल्या की नर्सबाई परभणीहून ये-जा करू लागतात. मग रात्री हळदीला पाणी देताना कोणाला साप चावला, तर धावून येणारे माणूस गावात नसते.

ही तक्रार मोठ्या शहरांनीही अनुभवली आहे. बार्सिलोनाने 2024 मध्ये जाहीर केले, की पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या सुमारे 10,000 सदनिकांचे परवाने 2028 नंतर चालू ठेवायचे नाहीत. न्यूयॉर्कने 2023 पासून 30 दिवसांपेक्षा कमी मुक्कामासाठीची अट काटेकोरपणे राबवायला घेतली, की घरात राहणारा यजमान स्वतः तिथे हजर हवा. गोव्यात 1982 च्या कायद्याने नोंदणी सक्तीची आहे. नोंदणीने खोल्या मोजता येतात, पण तेवढ्याने त्या कमी होत नाहीत. मला विचाराल तर न्यूयॉर्कची अट आपल्या खेड्याला जास्त मानवेल. घरधनी ओसरीवर, पाहुणा माडीवर, ही तर आपली जुनीच रीत.

आपल्याकडे ग्रामपंचायत अधिनियम, 1958 चे कलम 52 आहे. घर बांधायला किंवा पुन्हा उभारायला ते पंचायतीची परवानगी मागते. मात्र बांधलेल्या घरात बिऱ्हाड राहते की रोज नवा पाहुणा उतरतो, हे ते कलम विचारत नाही. खरी फट इथेच आहे. ती थोडीफार घरपट्टीतून बुजवता येते, कारण 2015 च्या दुरुस्तीपासून आकारणी करताना वापर निवासी की वाणिज्य हे पाहिले जाते. पूर्ण घर रोजच्या भाड्याने देणाऱ्याची नोंद वाणिज्य व्हावी. स्वतः राहून एखादी खोली देणाऱ्या शेतकऱ्याला त्रास होऊ नये. शेतात खोल्या बांधणाऱ्याने अकृषिक वापराचा आजचा नियम तहसील कार्यालयात आधी विचारून घ्यावा, कारण हे नियम वारंवार बदलतात.

येत्या ग्रामसभेत नमुना 8 ची नोंदवही मागवा. किती घरांत बिऱ्हाडे आहेत, किती घरे रिकामी आहेत आणि किती पाहुण्यांसाठी राखलेली आहेत, हे तिच्याआधारे घरोघर पडताळून घ्या. महाशिवरात्रीच्या आत हे व्हावे.