स्वमग्न मूल आणि गावाची दृष्टी



तीन वर्षांचे एखादे मूल हाक मारली तरी वळून पाहत नाही. ते सुदृढ दिसते, चालते, धावते. परंतु बोलत नाही, नजरेला नजर देत नाही, खेळगाडीचे एकच चाक तासन् तास फिरवीत बसते आणि कुकरची शिट्टी होताच कान झाकून घेते. आजी म्हणते, "बाप उशिरा बोलला, हाही बोलेल." शेजारी म्हणतात, "आईने फार लाडावून ठेवले." कोणी दृष्ट काढावयास सांगतो, कोणी देवऋषीकडे न्यावयास. अखेर डॉक्टर 'स्वमग्नता' हा शब्द उच्चारतात आणि त्या घरावर जणू आकाश कोसळते.

वस्तुतः निदानाने मूल बदलत नाही. काल जे होते तेच आजही असते. केवळ त्याच्या वागण्याचे कारण कळलेले असते. मेंदूच्या विकासातील ही जन्मजात भिन्नता होय. १९४३ साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी अशा अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे काही काळ तज्ज्ञांनीही मातेच्या कोरडेपणाला दोष दिला. संशोधनाने तो समज खोटा ठरविला. लसीमुळे स्वमग्नता येते, हा समजही तितकाच निराधार आहे. ती नाहीशी करणारे औषध नाही. मात्र लहानपणापासून योग्य प्रशिक्षण मिळाल्यास संवाद, स्वावलंबन व शिक्षण यांत पुष्कळ प्रगती होऊ शकते. म्हणूनच निदान नाकारण्यात गेलेली वर्षे महाग पडतात.

पालक निदान का नाकारतात? अनेकदा मुलाच्या अवस्थेपेक्षा भोवतालच्या नजरांचा भार अधिक असतो. लग्नसमारंभात मूल ओरडले की साऱ्या माना वळतात. मग आईबाप लग्नाला जाणे सोडतात, जत्रेला जाणे सोडतात. मूल मनाने आपल्यात मग्न असते. कुटुंबाला एकटे पाडतो तो समाज.

ही दृष्टी बदलू शकते काय? याचे उत्तर अहिल्यानगर जिल्ह्यानेच दिले आहे. जामखेड येथे १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातीलच स्त्रियांना, त्यांतील अनेक निरक्षर, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून घडविले. कुष्ठरोग म्हणजे पूर्वजन्मीचे पाप, असे मानणाऱ्या गावांत या स्त्रियांनी घरोघरी जाऊन रोगाचे खरे कारण सांगितले. जाणकार शेजारीण बोलू लागली, तेव्हा भीती ओसरू लागली. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार लाभला. कुष्ठरोग हा आजार आहे आणि स्वमग्नता आजार नव्हे. परंतु अज्ञानातून उपजणारा कलंक दोन्हीकडे सारखाच आहे, आणि त्यावरचा उपायही.

मुंबईची जिया राय ही स्वमग्न मुलगी. १७ फेब्रुवारी २०२१ रोजी तिने वांद्रे-वरळी सागरी सेतूपासून गेटवे ऑफ इंडियापर्यंत ३६ किलोमीटर अंतर पोहून पार केले. तिचे कौतुक अवश्य करावे. परंतु प्रत्येक स्वमग्न मुलाने मान मिळविण्यासाठी समुद्र पार केला पाहिजे, असे नाही. स्वतःच्या हाताने जेवू लागलेल्या मुलाचे यशही त्या घरी तेवढेच मोठे असते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील एकवीस प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. निर्धारित प्रमाणात दिव्यांगत्व असलेल्या बालकास ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीतील बालकांची तपासणी करतात. बोलणे लांबलेले मूल त्या दिवशी घरी लपविले जाऊ नये, हे पाहणे सेविकेचे व सदस्यांचे कर्तव्य आहे. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील दिव्यांगांसाठीचा पाच टक्के निधी या मुलांसाठीही आहे. शिक्षकांनी अशा मुलाला गोंगाटापासून दूर जागा द्यावी, सूचना थोडक्या शब्दांत व चित्रांच्या साहाय्याने द्याव्यात, आणि वर्गमित्रांना त्याचे वेगळेपण समजावून सांगावे.

कायदा दाखला देईल, निधी देईल. परंतु पुढच्या जत्रेत ते मूल कान झाकून ओरडू लागेल, तेव्हा माना वळवून न पाहता त्या मातेला वाट करून देणे, हे कोणत्याही शासननिर्णयाने होणारे काम नव्हे. ते गावानेच करावयाचे आहे.