पत्त्यावर टिचकी आणि भलतीच खिडकी

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाचा प्रस्ताव ईमेलने पाठवायचा होता. शेवटचा दिवस, पाचपर्यंत मुदत. वेबपानावर कार्यालयाचा ईमेल पत्ता निळ्या अक्षरांत होता, त्यावर आम्ही टिचकी मारली. वाटलं, जीमेल उघडेल. उघडली भलतीच खिडकी, ‘खातं जोडा’ म्हणणारी. पत्ता टाकला, तर पासवर्ड मागितला. तिघींनी तीन पासवर्ड सांगितले. चौथी बँकेचा पिन सांगायला लागली, तेव्हा मात्र आम्ही हात आवरला. घड्याळात सव्वाचार!

झालं होतं काय, ते नंतर कळलं. साधी लिंक एचटीटीपीएसने सुरू होते, ती ब्राउझरमध्येच उघडते. ईमेल पत्त्याच्या मागे मात्र ‘मेलटू’ हा शब्द दडलेला असतो. तो दिसला की ब्राउझर काम विंडोजकडे सोपवतो. विंडोज बघतं, या कामावर नाव कोणाचं लागलंय? तिथं बहुतेकदा संगणकातल्याच मेल प्रोग्रामचं नाव असतं. आपण तो कधी वापरलेला नसतो, म्हणून तो आधी खातं मागतो. म्हणजे ना बिघाड, ना व्हायरस. उगाच घाबरलो.

घाईच्या वेळी ती खिडकी सरळ बंद करा. पत्त्यावर माउसचं उजवं बटण दाबा, ‘कॉपी ईमेल अ‍ॅड्रेस’ निवडा, आणि जीमेलच्या नव्या पत्रात पेस्ट करा. आमचा प्रस्ताव असाच गेला, पाचला सात मिनिटं कमी असताना.

कायमचा उपाय सवडीने करा. क्रोममध्ये जीमेल उघडलं की वरच्या पत्त्याच्या पट्टीत कधी कधी एकावर एक चढलेल्या दोन चौकटींचं चिन्ह दिसतं. ते दाबून ‘अलाऊ’ म्हणा. मग विंडोज 11 च्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स, त्यात डिफॉल्ट अ‍ॅप्स. वरच्या रकान्यात इंग्रजीत मेलटू लिहा आणि क्रोम निवडा. दोन्ही केलेलं बरं, आम्ही एकच करून आठवडाभर चडफडत होतो.

ऑनलाइन बैठकीची लिंक दाबल्यावर ‘हे अ‍ॅप उघडू का?’ असं ब्राउझर विचारतो, तोही याच जातीचा प्रश्न. बैठक आपलीच असेल, तर खुशाल ‘ओपन’ म्हणा. ‘नेहमी परवानगी द्या’ या चौकटीत मात्र खूण करताना आधी साइटचं नाव वाचा. आणि आपण काहीच दाबलं नसताना असा प्रश्न आला, किंवा फोनवरचा कुणी ‘ताई, ओपन दाबा’ म्हणू लागला, तर ‘कॅन्सल’ दाबा आणि फोन ठेवा. दुसऱ्याच्या संगणकाचा ताबा देणारे प्रोग्रामही अशा लिंकने उघडतात. पैसे गेलेच, तर लगेच 1930 वर कळवा.

जिने पिन सांगायला सुरुवात केली होती, तिने दुसऱ्याच दिवशी बँकेत जाऊन तो बदलून घेतला. आमच्यासमोर अर्धाच बोलली होती, तरीसुद्धा.