रत्नाकरसागराकाठचं उंडासा
(गणेशोत्सव २०२३ मध्ये समाजाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानाला विद्वान माणूस बोलावतात. आम्ही पडलो डिप्लोमावाले, पाण्याच्या कामावरचे सरकारी नोकर. म्हणून कार्यकारिणीला आधीच सांगितलं, की ज्या तळ्याच्या पाळीवर आमची इतकी वर्षं पायपीट झाली, त्याबद्दल आणि त्याच्या काठच्या गावाबद्दलच आम्ही बोलू. त्यांनी ते मान्य केलं, तेव्हा आता तुम्हालाही ऐकावं लागेल.

यंदा अधिक श्रावण झाला, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. घरोघरी अनारसे झाले, जावयांना तेहतीसचं वाण झालं, आणि आपण उज्जैनकर म्हणून सप्तसागरांची यात्राही झाली. पुण्या-नागपूरच्या नातेवाइकांना हे सांगितलं की ते हसतात, तुमच्या माळव्यात समुद्र कुठला म्हणतात. पण स्कंदपुराणाच्या अवंतीखंडात या सागरांचं माहात्म्य आहे, आणि प्रत्येकाचं वाण ठरलेलं आहे. रुद्रसागराला मीठ, पुष्करसागराला पिवळं वस्त्र आणि हरभऱ्याची डाळ, क्षीरसागराला खीर, गोवर्धनसागराला लोणी-खडीसाखर, पुरुषोत्तमसागराला मालपुवे. रत्नाकरसागराला मात्र सौभाग्याचं वाण: बांगड्या, कुंकू, साडी, ऐपतीप्रमाणे पंचरत्न.

बाकीचे सागर रिक्षा केली तर एका सकाळी होतात, कारण ते शहरात आहेत. म्हणजे शहरच त्यांच्या अंगावर आलं आहे. पुष्करसागर घरांच्या मधे सापडला आहे. गोवर्धनसागराच्या अतिक्रमणांचं काय झालं ते वर्तमानपत्रांत वाचतोच. रुद्रसागराचं नशीब उघडलं, ११ ऑक्टोबर २०२२ ला त्याच्या काठी महाकाल लोकचं उद्घाटन झालं, आता रात्री तिथे दिवेच दिवे. पण रत्नाकरसागर शहराबाहेर, मक्सी रस्त्यावर, उंडासा गावात. याच रस्त्याने पुढे गेलं की कायथा लागतं, जिथली ताम्रपाषाण वसाहत आपल्या वाकणकर सरांनी १९६४ मध्ये उजेडात आणली. त्यामुळे आपल्यापैकी अनेकजण उंडाशावरून गेलेले असतात, थांबलेले नसतात.

गाव म्हणाल तर लहान. काळी माती, पावसाळ्यात सोयाबीन, हिवाळ्यात गहू, हरभरा, थोडा लसूण. थंडीत तळ्यावर बदकं उतरतात आणि कॅमेरे गळ्यात अडकवलेली मंडळी पहाटेच येऊन बसतात. गावाला त्यांचं फार कौतुक नाही, पण त्रासही नाही. उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की उघड्या पडलेल्या काठावर गुरं चरतात. तो गाळ शेतात पडला तर दोन वर्षं खत कमी लागतं, असं शेतकरी सांगतात, आणि त्यांच्या शेतातला गहू बघून आम्हालाही ते पटतं.

आता मुद्द्याचं. हे तळं गावाच्या दारात आहे, पण त्याचं पाणी बऱ्याच वर्षी गावाचं नसतं. १९९२ च्या सुमारास गंभीर धरण झालं, त्याची क्षमता २,२५० दशलक्ष घनफूट. भरलं की आपण निश्चिंत. पण पाऊस कमी झाला आणि गंभीर खालावलं, की सगळ्यांची नजर उंडासा आणि साहिबखेडी या तळ्यांकडे वळते. मग मध्य प्रदेश पेयजल परिरक्षण अधिनियम, १९८६ खाली जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघतो: पाणी पिण्यासाठी राखीव, सिंचनाला बंदी. कायदा योग्यच आहे, पाच-सहा लाखांच्या शहराला पाणी प्यायला लागतंच. फक्त तो आदेश पोहोचतो तेव्हा शेतात गहू उभा असतो.

शेती न पाहिलेल्यांसाठी सांगतो. आपल्या आजोबांच्या काळचा माळवी गहू जमिनीतल्या ओलीवर निघायचा, फार तर एक पाणी. आज आपल्या डब्यात असतो तो लोकवन. त्याला चार-पाच पाणी लागतं, त्यातलं पहिलं पेरणीनंतर एकविसाव्या दिवसाच्या आसपास, मुळं फुटायच्या वेळी. शेवटची दोन चुकली तर दाणा बारीक पडतो, आणि मग आपणच दुकानात म्हणतो, यंदा गव्हाला तेज नाही.

असाच एका हिवाळ्यात आम्ही पथकाबरोबर मोटारी उचलायला गेलो होतो. काठावर पाइप टाकून पाणी ओढणारे डिझेल पंप शोधायचे, पंचनामा करायचा, पंप गाडीत घालायचा. असली कामं करून रात्री सुखाची झोप लागत नाही, पण नोकरी आहे. एका घराचा पंप उचलला. घरातला मुलगा संतापला, शिव्या दिल्या, बरोबरच होतं त्याचं. त्याच्या आजीने त्याला आत पाठवलं आणि आम्हा सगळ्यांना तांब्याभर पाणी आणून दिलं. आम्ही संकोचलो तर म्हणाली, "घ्या साब, हे आमच्या हातपंपाचं आहे. तळ्याचं तर तुमच्या घरी आलंच असेल."

ते खरंच होतं. आम्ही घरी परतलो तेव्हा नळ येऊन गेला होता आणि टाकी भरली होती.

त्या वर्षीही आपल्या मंडळींचे फोन यायचे, एक दिवसाआड नळ म्हणजे काय, पाहुणे आहेत, आज तरी सोडा. आम्ही हो-हो म्हणायचो. कोणाला दोष देत नाही, आमच्या घरातूनही तोच प्रश्न यायचा.

यंदाचंच बघा. ऑगस्ट कोरडा गेला, सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं, आणि बाप्पा यायच्या तोंडावर आभाळ असं फाटलं की शिप्रेचे घाट बुडाले. चार दिवसांत चिंता संपली आणि आपण विसरलो. २०१४ पासून नर्मदेचं पाणी शिप्रेत येतं हाही आपल्याला धीर आहे. पण ते पंप करून, डोंगर चढवून आणलेलं पाणी आहे, त्याचं वीजबिल कोणाला तरी भरावं लागतं. उंडाशात पाणी आपल्या पायाने येतं. मे महिन्यात त्यातलं रोज सुमारे एक सेंटीमीटर नुसतं उन्हात उडून जातं, त्याला इलाज नाही. जे टाळता येतं ते टाळावं.

इथे महिला मंडळाची आधीच क्षमा मागतो. अधिक महिन्यात समाजाची बस उंडाशाला गेली. वाण पाण्यात सोडलं गेलं, प्लास्टिकच्या पिशवीसकट. दुसऱ्या दिवशी कामानिमित्त आमची तिथे फेरी झाली. कुंकवाच्या डब्या आणि पिशव्या काठाला लागल्या होत्या, आणि गावातल्या दोन मुली गुडघाभर पाण्यात उतरून बांगड्या वेचत होत्या. न फुटलेल्या एकीकडे, फुटलेल्या एकीकडे. सौभाग्याचं वाण सवाष्णीच्या हातात द्यायचं असतं हे आपल्या आज्यांनीच आपल्याला शिकवलं. मग रत्नाकरसागराला ओंजळभर कुंकू आणि फूल पुरे, आणि साडी-बांगड्या गावातल्या सवाष्णीची ओटी भरून द्याव्यात, असं आमचं म्हणणं आहे. शास्त्राला बाध येत असेल तर गुरुजींनी सांगावं. एका ज्येष्ठ गुरुजींना विचारलं, ते म्हणाले, दान ते दान, पाण्याला बांगड्या काय करायच्यात.

आपले पूर्वज शिंद्यांबरोबर इथे आले. रामचंद्रबाबांनी महाकालाचं देऊळ पुन्हा उभं केलं, बायजाबाईंनी गोपाळमंदिर बांधलं, १९२० मध्ये माधवरावांनी कालियादेहचा महाल दुरुस्त करवला. हे आपण दर व्याख्यानात ऐकतो आणि ऐकावंच. तळी मात्र आपल्या भाषणांत क्वचितच येतात, म्हणून आज एवढा वेळ घेतला.

पुढचा अधिक ज्येष्ठात आहे, १७ मे ते १५ जून २०२६. तेव्हा उंडाशाचं पाणी पाळीपासून बरंच आत गेलेलं असेल. बस सकाळी सहाला निघाली तर बरं, नंतर ऊन सोसत नाही. आणि चपला काठावरच काढून ठेवा, गाळ वरून सुकलेला दिसतो पण पाय घोट्यापर्यंत जातो. ओटी कोणाची भरायची ते ठरत नसेल, तर तांब्याभर पाणी देणाऱ्या त्या आजींचं घर आम्ही दाखवू.