यंत्राचा ताप आणि वर्गणीचा पैसा



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे अशी रीत आहे. आमचे शाळेतले शिक्षण नववीशी थांबले. पुढचे झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या पायऱ्यांवर. तेव्हा संगणकासारख्या विषयावर आम्ही उभे राहिलेले पाहून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल, तर ती योग्यच आहे. पण ज्याला दुसऱ्याच्या पैशाने वस्तू घ्यावी लागते, तो ती वस्तू लवकर समजून घेतो. युनियनच्या तिजोरीतला पैसा सभासदांच्या वर्गणीचा. त्यातला एक रुपया भलत्या जागी गेला, तर वार्षिक सभेत उभे राहून जाब द्यावा लागतो. त्या जाबाच्या भीतीनेच आम्हांला संगणक शिकवला.

गोष्ट 2019 च्या मे महिन्यातली. ठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतला एक कारखाना बंद पडला होता आणि 112 कामगारांच्या ग्रॅच्युइटीचे दावे दाखल करावयाचे होते. प्रत्येकाची नोकरीची वर्षे, शेवटचा पगार, रजेचा हिशेब, सारे कचेरीतल्या एकुलत्या एका संगणकात. आणि नेमका तोच दर वीस मिनिटांनी आपोआप बंद पडू लागला. दुकानदार आला, त्याने वरूनच पाहिले आणि म्हणाला, "मदरबोर्ड गेला. नवीन घ्या. चाळीस हजार धरून चाला." चाळीस हजार म्हणजे बंद कारखान्यातल्या लोकांच्या मुलांच्या वह्यापुस्तकांसाठी राखून ठेवलेली जवळजवळ सारी रक्कम. कमिटी बसली, ठरावाचा कागदही लिहून झाला. तेवढ्यात वडिलांचा डबा घेऊन आलेली एका सभासदाची मुलगी, आयटीआयला शिकणारी, दारातूनच म्हणाली, "काका, एकदा उघडून तरी बघू या का?"

उघडले. प्रोसेसरच्या डोक्यावर पंखा असतो आणि त्याखाली ॲल्युमिनियमची पातळ पाती असतात. त्या दोहोंच्या मध्ये धुळीची गोधडी पसरली होती. पंखा फिरत होता, पण वारा पात्यांपर्यंत पोचतच नव्हता. धूळ काढली, वाळून खडखडीत झालेली पेस्ट पुसली, नवी लावली. नव्वदीच्या पुढे गेलेले तापमान साठीच्या घरात आले. खर्च पेस्टच्या एका नळीचा आणि रंगाच्या एका ब्रशाचा. दावे मुदतीत गेले.

त्या दिवशी आम्हांला आनंद झालाच, पण लाज अधिक वाटली. कामगार मंदावला तर आरोपपत्र देण्याआधी चौकशी करा, असे आम्ही उभ्या आयुष्यात मालकांना सांगत आलो; आणि यंत्राची पाळी आली तेव्हा चौकशीवाचून बडतर्फीचा हुकूम काढायला निघालो. आजच्या भाषणाचे सार एवढेच: आधी चौकशी, मग खर्च.

आता ही चौकशी कशी करावयाची?

पहिली चौकशी तापाची. प्रोसेसर तापला की तो स्वतःच्या जिवासाठी आपली गती आपणच कमी करतो. पुष्कळ प्रोसेसरांची ही मर्यादा शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास असते. त्याहीपुढे गेला तर तो यंत्रच बंद पाडतो. आमच्या भाषेत सांगावयाचे तर आधी गो-स्लो, मग संप. आणि कोणत्याही संपाप्रमाणे यामागेही काही गाऱ्हाणे असते. तापमान दाखवणारे मोफत प्रोग्राम मिळतात. ते आधी पाहावे. खोलीचा ताप यंत्राच्या तापात मिळतो, म्हणून जानेवारीत सुरळीत चालणारे यंत्र मे महिन्यात कुरकुरते.

पेस्टचे कामही समजून घ्यावे. प्रोसेसर आणि त्यावरचा धातू दोन्ही गुळगुळीत दिसतात, पण त्यांच्यामध्ये बारीक खाचा राहतात आणि खाचांत हवा. हवेतून उष्णता फार सावकाश जाते. तांब्यातून ती हवेच्या हजारो पट सहज जाते. खाचांतली हवा हटवणे, एवढेच पेस्टचे काम. म्हणून वाटाण्याएवढी पुरे. श्रीखंडासारखी थापू नये. साफसफाईपूर्वी वीज तोडावी आणि फुंकणी मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बिघडतो. पेटीची बाजू कायमची उघडी ठेवण्याची युक्ती अनेकजण करतात. तिने आज गारवा मिळाला तरी उद्या धूळ दुप्पट येते. पुढच्या पंख्याने हवा आत यावी, मागच्याने बाहेर जावी, आणि पेटी भिंतीला चिकटवून ठेवू नये. महागड्या पाण्याच्या कूलरची आमच्या कामाला गरज नाही.

दुसरी चौकशी अडणीची. आमचे वडील गिरणीत विणकर होते. ते सांगत, वाइंडिंग खात्यातून सूतच आले नाही तर शंभर माग मांडूनही उपयोग नाही. संगणकाचेही तसेच. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांपैकी कोण शंभर टक्क्यांना टेकला आहे ते दिसते. जो टेकला, तेथे पैसा घालावा.

जुन्या यंत्रात बहुधा डिस्क टेकलेली असते. साध्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेते आणि हवी ती माहिती सुईखाली येईपर्यंत प्रोसेसर हात बांधून बसतो. एसएसडीमध्ये फिरणारे काही नाही, म्हणून ती वाट पाहणे उरत नाही. आमच्या कचेरीत पुढे एसएसडी बसवली आणि मेमरी चार जीबीची आठ केली, तेव्हा तोच प्रोसेसर नव्यासारखा वाटू लागला. मेमरी घेताना जात पाहावी. डीडीआर3 च्या खाचेत डीडीआर4 बसत नाही. भाव मात्र त्याच दिवशी विचारावेत. 2025 च्या उत्तरार्धात मेमरीचे भाव जगभर भडकले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांनी माल उचलला. कुठल्या दूरदेशीच्या गोदामातली मागणी ठाण्याच्या युनियनच्या वर्गणीपर्यंत कशी पोचते, ते यावरून कळावे.

काही वेळा नवे यंत्र घ्यावेच लागते. तेव्हा काम आधी लिहून काढावे आणि मगच लॅमिंग्टन रोडची पायरी चढावी. पत्रे, हिशेब, छपाई एवढ्यासाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही, प्रोसेसरमधलेच पुरते. मात्र इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असते, त्यात ते नसते. स्वस्त म्हणून तो घेतला तर कार्डाचा खर्च वेगळा बसतो. काटकसर कोठेही करा, वीज पुरवणाऱ्या पॉवर सप्लायमध्ये करू नका. तो निकृष्ट असला तर स्वतः मरताना सोबत इतरांनाही घेऊन जातो.

शेवटचा एक मुद्दा. मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा सर्वसाधारण आधार थांबवला, आणि विंडोज 11 अनेक जुन्या प्रोसेसरांना अधिकृतपणे स्वीकारीत नाही. लगेच आम्हांला सांगण्यात आले, "आता भंगारात काढा." यंत्र धडधाकट आणि वय झाले म्हणून घरी जा, हा न्याय आमच्या ओळखीचा आहे! असुरक्षित यंत्र इंटरनेटला जोडून ठेवणे धोक्याचेच. पण भंगार हा एकच मार्ग नव्हे. आम्ही सारे कागद दुसरीकडे उतरवून घेतले आणि त्यावर मोफत मिळणारे लिनक्स बसवले. मराठी टंकलेखन होते, तक्ते होतात, छपाई होते. सवय व्हायला महिना गेला, हे कबूल केले पाहिजे.

ज्या मुलीने तेव्हा पेटी उघडली, ती आज एका कारखान्यात नोकरीला आहे आणि आमची सभासद आहे. दरवर्षी मार्चअखेर ती ब्रश घेऊन कचेरीत येते. ठरावाचा तो कागद मात्र आम्ही फाडला नाही. मिनिटबुकात तसाच ठेवला आहे, पुढच्या कमिटीने वाचावा म्हणून.